सामाईक कोठीला वाली कोण?

भातसा धरणाची तपासणी वर्षातून दोनदा होते. महाराष्ट्रातील मोठ्या धरणांसाठी तसा दंडकच आहे. एक तपासणी पावसाळ्यापूर्वी, दुसरी पावसाळा सरल्यावर. भिंतीतून पाझर किती येतो, दरवाजे विनासायास उचलले जातात की नाही, कोठे माती खचली आहे काय, हे सारे पाहून त्याच्या नोंदी केल्या जातात. १९८३ साली पुरे झालेले, ८८ मीटरहून अधिक उंचीचे हे धरण मुंबईला लागणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे पाणी पुरवते. तेव्हा त्याची निगा राखण्यात मुंबईकरांचाच स्वार्थ आहे. ज्या शहापूर तालुक्यात हे धरण उभे आहे त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, ही गोष्ट अनेकदा लिहिली गेली आहे आणि पुन्हा पुन्हा लिहावी लागणार आहे. येथे मात्र प्रश्न वेगळा आहे आणि दिसायला अगदी लहान आहे. या धरणाच्या पायथ्याशी वसलेल्या भातसानगरच्या आसपास, शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्ट्यात, तरुणांचे जे गट शिबिरे भरवतात त्यांच्या तंबूंची, स्लीपिंग बॅगांची, दोरांची आणि टोप-परातींची तपासणी वर्षातून किती वेळा होते? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळेल: पुढच्या शिबिराच्या आदल्या रात्री.

या पट्ट्यात तरुणांच्या मुक्कामांना तोटा नाही. आसनगावला लोकलमधून उतरून माहुलीची वाट धरणारे, डेहणे गावावरून आजोबाच्या डोंगराकडे जाणारे, मुरबाडमार्गे गोरखगड-मच्छिंद्रगडाला किंवा वैशाखऱ्याहून नाणेघाटाला चढणारे गट हे आता दर शनिवार-रविवारचे दृश्य झाले आहे. यांपैकी पुष्कळ गट निव्वळ हौसेचे असतात आणि त्यात वावगे काही नाही. डोंगर पाहण्याची हौस हीदेखील माणसाची एक भूक आहे. परंतु काही गट चळवळीच्या पोटी जन्मलेले असतात. राष्ट्र सेवा दलाने १९४१ पासून शिबिराला शिक्षणाचे साधन मानले; सोमनाथला दर वर्षी मे महिन्यात भरणाऱ्या श्रमसंस्कार छावणीने तरुणांच्या पिढ्यान्पिढ्यांना कुदळ-फावड्याची ओळख करून दिली. त्याच परंपरेतून आलेले हे गट दिवसा बंधारा घालतात किंवा चर खणतात, रात्री चर्चा करतात आणि शेवटच्या दिवशी गड चढतात. अशा प्रत्येक गटाजवळ एक कोठी असते.

कोठी हा शब्द भारदस्त आहे. प्रत्यक्षात ती एखाद्या कार्यकर्त्याच्या घराचा पोटमाळा असते, शाळेतील जिन्याखालची जागा असते, किंवा कार्यालयातील ज्या खोलीत निवडणुकीचे उरलेले झेंडे आणि मागील मोर्चाचे फलक ठेवतात ती खोली असते. तेथे शिबिराहून आलेले गाठोडे ज्या स्थितीत आले त्या स्थितीत टाकले जाते. दार बंद होते. किल्ली ज्याच्या खिशात राहते तो नोकरीनिमित्त कल्याणला किंवा नाशिकला जातो. मग पावसाळा येतो. कोकणपट्टीतील पावसाळ्याची हवा म्हणजे काय हे शहापूरकरांना सांगावयास नको. चार महिने भिंतीसुद्धा घाम गाळतात. दमट गुंडाळलेल्या सुती तंबूवर आठ-पंधरा दिवसांत काळे ठिपके उमटतात आणि मग ती बुरशी धाग्यात शिरून कापड कुजवते. नव्या, हलक्या नायलॉनच्या तंबूंना बुरशीची फिकीर नाही अशी एक भाबडी समजूत आहे. नायलॉन कुजत नाही हे खरे, पण त्याच्या आतील बाजूला पाणी अडवण्यासाठी जो लेप दिलेला असतो तो दमट जागी राहिला की चिकट होतो, खपल्या धरतो आणि गळू लागतो. तंबू वरून नवा दिसतो आणि पहिल्याच वळवाच्या सरीत आतली मुले भिजतात.

स्लीपिंग बॅगेची कथा याहून साधी. पिशवीत कोंबून वर्षभर दाबून ठेवली तर तिच्यातील कापूस किंवा कृत्रिम धागा चेपून बसतो आणि ऊब धरण्याची त्याची शक्ती जाते. ती मोकळी टांगून ठेवावी किंवा मोठ्या सैल पिशवीत ठेवावी, इतकेच करावयाचे असते. न धुता ठेवलेल्या पिठाच्या पिशवीच्या वासाने उंदीर येतात आणि जाता जाता शेजारच्या तंबूची जाळी कुरतडून जातात. स्टोव्हच्या टाकीत राहिलेले रॉकेल घट्ट होऊन तोंड बुजते. मेखा हरवतात. मेख ही कोठीतील सर्वांत स्वस्त वस्तू आणि म्हणून सर्वांत दुर्लक्षित. पण दहा मेखांपैकी चार नसल्या की पाच हजारांचा तंबू माहुलीच्या वाऱ्यात पतंग होतो. मग मुले दगड बांधून वेळ निभावतात, दोऱ्यांचे कान फाटतात, आणि चार रुपयांच्या वस्तूपायी पाच हजारांची वस्तू निकामी होते. अर्थशास्त्राच्या वर्गात घसारा आणि देखभाल यांतील नाते शिकवण्यासाठी याहून चांगले उदाहरण मिळावयाचे नाही.

हे सारे ठाऊक नसते असे नाही. प्रत्येक गटात दोघे-तिघे असे असतातच की ज्यांना तंबू वाळवून ठेवावा हे कळते. तरीही तो वाळवला जात नाही. का?

याचे सर्वांना पाठ झालेले उत्तर असे की, जे सर्वांचे ते कोणाचेच नाही. सार्वजनिक म्हणजे बेवारस. बारभाईंचा कारभार. ही वाक्ये विरोधकांच्या तोंडी ऐकून राग येतो. परंतु शिबिराच्या आदल्या रात्री गळका तंबू हाती आल्यावर तीच वाक्ये कार्यकर्त्यांच्या तोंडूनही निघतात, हे कबूल केलेले बरे. या समजुतीला शास्त्राचा पोशाख चढवला तो गॅरेट हार्डिन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने. १९६८ साली 'सायन्स' या नियतकालिकात त्याने मांडले की सामाईक कुरणावर प्रत्येक गुराखी आपले एकेक जनावर वाढवत नेतो, लाभ त्याचा एकट्याचा आणि हानी सर्वांची, म्हणून कुरणाचा नाश अटळ आहे. खासगीकरणाच्या कैवाऱ्यांनी हा दाखला पुढे कित्येक वर्षे वापरला. गंमत अशी की हार्डिनने स्वतःच नंतर मान्य केले की आपल्या लेखात 'व्यवस्थापन नसलेले' हे विशेषण राहून गेले. म्हणजे दोष सामाईकपणाचा नव्हता, अव्यवस्थेचा होता. पण तोवर मूळ लेख जगभर पोहोचला होता. दुरुस्ती कोण वाचतो?

एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने १९९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्वित्झर्लंडमधील कुरणे, जपानमधील गावराने, स्पेनमधील पाटबंधारे अशी शेकडो वर्षे टिकलेली सामाईक व्यवस्था तपासून दाखवले की लोक आपल्या सामाईक संपत्तीचे रक्षण करू शकतात आणि करतात. त्यासाठी सरकारचा दंडुकाही लागत नाही आणि बाजाराचे कुंपणही लागत नाही. लागतात ते नियम. हक्कदार कोण हे स्पष्ट असावे, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असावेत, देखरेख ठेवणारा त्यांच्यातलाच असावा, पहिल्या चुकीला सौम्य आणि वारंवारच्या चुकीला कडक शिक्षा असावी. २००९ साली या कामासाठी त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. हे पारितोषिक समाजवादी कार्यकर्त्यांनी जितके साजरे करावयास हवे होते तितके केले नाही.

अर्थात ही गोष्ट समजण्यासाठी स्टॉकहोमपर्यंत जाण्याचे कारण नव्हते. धुळे-नाशिककडील नद्यांवर फड पद्धतीने शेतकऱ्यांनी शतकानुशतके बंधारे आणि पाट सांभाळले. पाणी सोडण्यासाठी पाटकरी नेमला, त्याचा मोबदला सर्वांनी मिळून दिला आणि पाटातला गाळ सर्वांनी मिळून उपसला. आणि फडही दूर राहिला; ठाणे जिल्ह्यातील कोणत्याही जुन्या गावात गावकीची भांडी असत, पुष्कळ गावांत अजून आहेत. लग्नकार्याला लागणारे मोठे टोप, हंडे, पराती, झारे, ओगराळी विकत घेण्याची ऐपत एकेका घराची नव्हती; गावाची होती. वर्गणी काढून भांडी घेतली जात आणि प्रत्येक भांड्यावर गावाचे नाव घातले जाई. ज्याच्या घरी कार्य असे तो वहीत नोंद करून, मोजून भांडी नेई. घासून, मोजून परत आणी. हरवले तर भरून देई. नाममात्र भाडे घेतले जाई आणि त्या पैशातून पितळी भांड्यांना कल्हई होई, पुढे केव्हातरी एखादा नवा टोप येई. ऑस्ट्रॉमबाईंनी सांगितलेले जवळजवळ सर्व नियम या एका वहीत सापडतात. त्यात व्याख्याने नव्हती, ठराव नव्हते. लोकांना हे ठाऊक होते की आज शेजारच्या घरात कार्य आहे, उद्या आपल्या घरात आहे.

मात्र गावकीची स्तुती करताना हात आखडता घेणे भाग आहे. त्या वहीला जातीची वेस होती. गावकुसाबाहेरच्या घरांना तीच भांडी त्याच हक्काने मिळत नव्हती, कातकऱ्यांच्या वस्तीला तर बहुधा नाहीच. भांडी घासणाऱ्या बाया होत्या आणि वही पुरुषांच्या हाती होती. नियम मोडणाऱ्याला वाळीत टाकण्यापर्यंत मजल जाई. तेव्हा गावकीकडून घ्यावयाची ती तिची वही. तिची वेस घ्यावयाची नाही. ही निवड करता येणे हेच तर पुरोगामी म्हणवणाऱ्यांचे काम. प्रत्यक्षात आज उलटे घडते आहे. तरुणांच्या गटांनी वही टाकून दिली आहे आणि वेस नकळत पाळली जात आहे. कोणत्याही शिबिरात रात्रीचे जेवण झाल्यावर पाहावे. करपलेला टोप कोणाच्या वाट्याला येतो? चर्चेचे सूत्रसंचालन करणारा तरुण टोप घासताना क्वचित दिसतो. मुली नकळत भांड्यांकडे वळतात; पाड्यावरून आलेला ठाकर किंवा कातकरी मुलगा, त्याला कोणी सांगितले नसतानाही, ओझे उचलतो, कारण त्याच्याकडून तीच अपेक्षा आहे हे त्याला डोळ्यांतून कळते. कोठीची वही नीट ठेवली, आणि त्यात 'काय नेले' याबरोबर 'कोणी घासले, कोणी वाहिले, कोणी वाळवले' हा रकाना घातला, तर समतेवरच्या दोन बौद्धिकांपेक्षा ती वही अधिक बोलेल.

आता एक आक्षेप घेतला जाईल आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हा सारा उपद्व्याप हवाच कशाला? तंबू भाड्याने मिळतात. पवना आणि भंडारदरा या जलाशयांच्या काठी भाड्याच्या तंबूंच्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत. गादी, जेवण, शेकोटी सारे तयार. २०२१ साली राज्य सरकारने साहसी पर्यटनाचे धोरणही जाहीर केले. मग कोठी, किल्ली, वही ही जुनी कटकट का सांभाळावी? पैसे टाकावेत, तंबूत झोपावे, सकाळी निघून यावे.

ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याच्यापुरता हा सल्ला ठीक आहे. पण चळवळीचे शिबिर त्याच्यापुरते नसते. आश्रमशाळेतून दहावी झालेल्या मुलाच्या घरी स्लीपिंग बॅग नसते, पाठपिशवी नसते, पावसात टिकणारे बूटही नसतात. कोठी असेल तर तो डोंबिवलीच्या मुलाच्या शेजारी, त्याच तंबूत, तशाच स्लीपिंग बॅगेत झोपतो. कोठी नसेल तर 'प्रत्येकाने आपापले साहित्य आणावे' अशी सूचना निघते. सूचना दिसायला निरुपद्रवी असते. तिच्या पोटात मात्र वर्गविभागणी दडलेली असते. ती निघाली की आठवड्याभरात शिबिरार्थींची यादी आपोआप बदलते. ज्याच्या आजा-पणजाने हा डोंगर पायाखाली घातला, तो आपल्याच डोंगरावर येतो तो मग वाटाड्या म्हणून किंवा ओझेवाला म्हणून. साहित्य सामाईक असणे ही समतेची शोभा नव्हे, ती तिची अट आहे. म्हणून तंबूला लागलेली बुरशी ही साधी निष्काळजी मानून सोडून देता येत नाही. ती नेमकी त्या मुलाची जागा खाते ज्याच्यासाठी शिबिर भरवले जाते.

तेव्हा पैशाचा हिशेब मांडावा लागेल. चळवळीत हिशेब म्हटले की खर्चाच्या पावत्या एवढाच अर्थ घेतला जातो. घसारा हा शब्द कोणी उच्चारत नाही. समजा एका गटाजवळ तिघांना पुरणारे १२ तंबू आहेत, प्रत्येकी ४,००० रुपयांचे. किंमत ४८,०००. नीट सांभाळले तर ६ वर्षे टिकतील. म्हणजे वर्षाला ८,००० रुपयांचे तंबू झिजतात, ते कोणी मोजो वा न मोजो. दुरुस्तीला आणखी ४,००० धरावेत. वर्षात २० रात्री मुक्काम होत असेल तर ३६ जणांच्या ७२० रात्री झाल्या. दर माणशी दर रात्री साधारण १७ रुपये. ३६ स्लीपिंग बॅगा १,२०० रुपयांच्या आणि ५ वर्षे टिकणाऱ्या धरल्या, त्यांच्या धुण्या-शिवण्याला २,१६० रुपये धरले, तर रात्रीला १५ रुपये पडतात. भांडी, स्टोव्ह, दिवे, ताडपत्री यांसाठी ८ रुपये घ्या. एकूण ४० रुपये. एवढे पैसे दर रात्री वेगळे काढले तर वर्षाला २८,८०० रुपये जमतात आणि कोठी आपल्या पायावर कायमची उभी राहते; देणगीसाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागत नाही.

हे ४० रुपये सर्वांकडून सारखे घेऊ नयेत. निम्म्या शिबिरार्थींची पगारदार घरे ८० रुपये सहज देऊ शकतात. उरलेल्या निम्म्यांकडून काहीच घेऊ नये. कुवतीप्रमाणे द्यावे आणि गरजेप्रमाणे घ्यावे या जुन्या सूत्राचा प्रयोग राज्यसत्ता हाती येईपर्यंत थांबवून ठेवण्याचे कारण नाही. मात्र कोण ८० देतो आणि कोण देत नाही हे कोषाध्यक्षापलीकडे कोणालाही कळता कामा नये.

असा निधी का साठत नाही, याचेही कारण पाहावे. चळवळीला नवे तंबू देणारा देणगीदार भेटतो. फीत कापली जाते, छायाचित्र निघते, तंबूवर नाव लिहिले जाते. शिवणकामाच्या दोऱ्यासाठी, चेन बदलण्यासाठी, मेखांसाठी देणगी देणारा आजवर कोणाला भेटलेला नाही. सरकारचे वर्तन याहून वेगळे आहे असे नाही. या देशात कालवा बांधण्यासाठी कोटी मिळतात आणि कालव्यातील झुडपे तोडण्यासाठी हजार मिळत नाहीत. शाळेची इमारत उभी राहते आणि तिची कौले बदलली जात नाहीत. नियोजनाच्या भाषेत भांडवली खर्च हा विकास ठरला आणि देखभालीचा खर्च हा ओझे ठरला. या दृष्टीवर ज्यांनी सभांतून टीका केली त्यांच्याच कोठीत ती दृष्टी सुखाने नांदते आहे.

कोठी सांभाळणाऱ्याच्या प्रतिष्ठेचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. शिबिरप्रमुख होण्यास सारे उत्सुक असतात. कोठीप्रमुख व्हा म्हटले की तोंडे उतरतात. तो मान म्हणजे शिक्षा वाटते. परिणामी हे काम एकाच सोशिक माणसाच्या गळ्यात पडते आणि वर्षानुवर्षे राहते. सगळी माहिती त्याच्या डोक्यात साठते, सगळ्या किल्ल्या त्याच्या कमरेला, आणि हळूहळू सामाईक कोठी ही त्याची खासगी जहागीर होते. 'तंबू मागायचा तर दादांना विचारावे लागते' अशी भाषा सुरू झाली की समजावे, बिघाड झाला. दादा वाईट नसतात. उलट त्यांनीच वस्तू वाचवलेल्या असतात. पण ज्या व्यवस्थेला एकाच सज्जनाचा आधार असतो ती त्याच्याबरोबर बुडते. यावर उपाय म्हणजे कोठीचे काम दोघांकडे असावे, एक जुना आणि एक नवा, एकजण दर वर्षी बदलावा. आणि शिबिरप्रमुख होण्यापूर्वी प्रत्येकाने एक वर्ष कोठी सांभाळलेली असावी असा दंडकच करावा. ज्याने पावसाळ्याच्या तोंडावर ३६ स्लीपिंग बॅगा उन्हात टाकून पुन्हा मोजून आत ठेवल्या आहेत, तो शिबिरात हुकूम सोडताना चार वेळा विचार करतो.

दोराच्या बाबतीत मात्र येथवर सांगितलेले काटकसरीचे सारे सोडून द्यावे लागते. तंबू फाटला तर माणूस भिजतो. दोर तुटला तर माणूस मरतो. कडा चढण्या-उतरण्यासाठी वापरावयाचा नायलॉनचा दोर उन्हाने निर्जीव होतो, बॅटरीतील आम्लाचा नुसता स्पर्शही त्याला पुरतो, वाळूचे कण आत शिरून धागे कापतात, आणि हे सारे वरून दिसेलच असे नाही. दोर बनवणारे कारखानदार न वापरलेला दोरही १० वर्षांनंतर बाद करण्यास सांगतात. नियमित वापरातला तर त्याच्या कितीतरी आधी. एकदा जोराचा झटका बसला की त्याच दिवशी. म्हणून प्रत्येक दोराला क्रमांक आणि त्याची स्वतंत्र नोंद हवी: केव्हा घेतला, कोठे वापरला, काय घडले. तो सावलीत वाळवावा, ताडपत्रीवर ठेवावा, त्यावर कोणी पाय देऊ नये. ज्या दोराचा इतिहास ठाऊक नाही तो दोर नव्हे, ती सुतळी समजावी. येथे चळवळीतील एक भला समज घातक ठरतो. 'आपल्याला जुना झाला, पाड्यावर कोणाला तरी उपयोगी पडेल' म्हणून बाद दोर उदारपणे देऊन टाकला जातो. घेणारा तो विहिरीला वापरील की कड्यावरच्या मधाच्या पोळ्याला, हे देणाऱ्याला माहीत नसते. जो दोर शहरातल्या मुलाचे वजन पेलण्यास अयोग्य ठरला, तो आदिवासी मुलाचे पेलण्यास योग्य कसा झाला? बाद दोराचे हातभर लांबीचे तुकडे करून टाकावेत, आणि ते काम कोठीप्रमुखाने स्वतःच्या हाताने करावे.

आणखी एक अवघड गोष्ट बोलून घेतली पाहिजे. कोठी मालकीची कोणाच्या? समाजवादी कार्यकर्त्यांना हा प्रश्न विचारला की ते हसतात, आणि हसण्यामागचे दुखणे जुने आहे. १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापन झाला, १९४८ साली समाजवादी काँग्रेसमधून बाहेर पडले, १९५२ साली प्रजा समाजवादी पक्ष झाला, १९५५ साली लोहिया वेगळे झाले, १९६४ साली पुन्हा जुळणी आणि लगोलग फाटाफूट, १९७१ साली एकत्र, १९७७ साली जनता पक्षात विलीन. या प्रत्येक वळणावर तत्त्वांची चर्चा विपुल झाली. सतरंज्या कोणाकडे राहिल्या याचा इतिहास कोणी लिहिला नाही. विनोद सोडला तरी मुद्दा उरतो. व्यक्तीच्या नावावर घेतलेली आणि कोणत्याही नोंदीत नसलेली वस्तू फुटीच्या दिवशी ज्याच्या घरात असते त्याची होते. म्हणून युवक गटाने आपली नोंदणी रीतसर करून घ्यावी, साहित्याची यादी संस्थेच्या दफ्तरी असावी, संस्था विसर्जित झाल्यास साहित्य तालुक्यातील एखाद्या आश्रमशाळेला किंवा तशाच कामाच्या दुसऱ्या संस्थेला जावे हे घटनेतच लिहून ठेवावे. हे लिहिताना कोणाला अपशकुन वाटू नये. भांडण नसतानाच असे कागद शहाणपणाने लिहिले जातात.

शहापूर-मुरबाडच्या गटांना हे सर्व सुरू करण्यास एक तारीख आयती मिळालेली आहे. मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात २ जानेवारी १९४३ च्या पहाटे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडणारा आझाद दस्त्याचा हा नेता सर्वांना आठवतो. त्याच्या आधी सावकारी पाशातून शेतकरी सुटावा म्हणून धान्यकोठ्या काढणारा माथेरानचा तरुण वकील मात्र थोड्यांना आठवतो. कोठी हा शब्द या भागात असा रक्ताच्या नात्याचा आहे. दर वर्षी २ जानेवारीच्या पहाटे हुतात्म्यांना अभिवादन करण्यासाठी लोक तेथे जमतात, आणि तरुणांचे गट १ तारखेच्या रात्रीच मुक्कामाला जातात. थंडी असते. पहाटे दव इतके पडते की तंबूच्या कापडावरून पाणी ओघळते.

अभिवादन सकाळी लवकर आटोपते. भाषणे होतात, घोषणा होतात, आणि परतीची गाडी गाठण्याची घाई सुरू होते. ओले तंबू त्याच घाईत गुंडाळले जातात. भातसानगरच्या परिसरात एखादी कोरडी खोली मिळवून दोन-तीन गटांनी मिळून कोठी करावयाची असेल, तर पहिला ठराव इतकाच पुरे: २ तारखेला दुपारी तंबू उन्हात पसरून, मेखा मोजून, नावे वहीत लिहून मगच निघावयाचे, आणि जेथे ऊन पुरले नाही तेथून आणलेले तंबू ३ तारखेला कोठीच्या अंगणात पुन्हा पसरावयाचे. त्यासाठी ३ जानेवारीला चौघांना रजा काढावी लागेल. त्या चौघांची नावे डिसेंबरातच ठरवावीत, आणि त्यांत गेल्या वर्षीच्या शिबिरप्रमुखाचे नाव पहिले असावे.